सवलतीतला तयार गेमिंग पीसी: घेण्याआधी काय तपासायचं, पुढे काय बदलता येईल

सेलमधल्या गेमिंग डेस्कटॉपच्या जाहिरातीत तीन गोष्टी ठळक असतात: प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि रॅम किती जीबी. मदरबोर्ड कोणता, एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) कुणाचा आणि किती वॉटचा, रॅमची पट्टी एक की दोन, हे शोधूनही सापडत नाही. खर्चाची कात्री नेमकी याच तिघांवर चालते, कारण इथे वाचवलेले पैसे पहिल्या दिवशी गेम लावल्यावर दिसत नाहीत. दोन-अडीच वर्षांनी नवं कार्ड घालायला कॅबिनेट उघडलं की दिसतात. म्हणून अशा मशीनचा भाव ठरवताना आजचं बिल आणि पुढच्या एका अपग्रेडचा खर्च, दोन्हींची बेरीज करायची. ती बेरीज जमली तरच सवलत खरी.

नावं नीट वाचा

"आय ७ गेमिंग पीसी, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स" अशी वीस-पंचवीस हजारांची जाहिरात ऑनलाइन बाजारात कायम असते. प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक दिलेला नसला, तर तो बहुतेक वेळा आय ७-२६०० किंवा ३७७० निघतो. ३७७० हा २०१२ सालचा प्रोसेसर. सोबतचं जीटी ७३० कार्ड २०१४ चं आणि तेव्हाही ते गेमिंगसाठी नव्हतं. विंडोज ११ या प्रोसेसरांना अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. यात पुढे बदलण्यासारखं काही नाही, त्यामुळे हा पर्याय सोडूनच द्या.

खऱ्या गेमिंग मशीनमध्ये फसगत बारीक असते. आरटीएक्स ३०५० दोन प्रकारचं येतं. ८ जीबीचं कार्ड १३० वॉटचं आहे. २०२४ मध्ये आलेलं ६ जीबीचं कार्ड ७० वॉटचं, कमी कोअरचं आणि अरुंद मेमरी बसचं (मेमरीकडे जाणाऱ्या वाटेचं) आहे. नाव सारखं असलं तरी वेग सारखा नाही. आरटीएक्स ३०६० चंही तसंच: १२ जीबीवालं मूळ, ८ जीबीवालं हळू. ४०६० टीआय आणि ५०६० टीआय या दोन्हींत ८ आणि १६ जीबी असे दोन प्रकार आहेत, आणि जाहिरातीत आकडा गाळला असेल तर तो ८ आहे असंच धरा. रायझन ५ ५५०० आणि ५६०० यांत आकड्यापुरता फरक वाटतो, पण ५५०० मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरमधली जलद मेमरी) निम्मी म्हणजे १६ एमबी आहे आणि तो पीसीआयई (कार्ड बोर्डाला जोडणारा मार्ग) ३.० वरच थांबतो. रायझन ५ ८४००एफ एएम५ सॉकेटवर (एएमडीच्या प्रोसेसरांची बोर्डावरची बैठक) बसतो खरा, पण ग्राफिक्स कार्डाला आठच लेन (डेटाच्या वाटा) देतो.

इंटेलच्या नावाशेवटी "एफ" असेल तर प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतं. गेम खेळताना त्याने काही बिघडत नाही. पण कार्ड दुरुस्तीला गेलं की स्क्रीनवर काहीच येणार नाही, तेवढं लक्षात असू द्या. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतल्या वरच्या प्रोसेसरांना, म्हणजे १३६००के, १४६००के आणि त्यावरच्यांना, जादा व्होल्टेजमुळे हळूहळू अस्थिर होण्याचा त्रास होता. इंटेलने ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. असं मशीन ओपन बॉक्स किंवा वापरलेलं मिळत असेल, तर जुन्या बायोसवर (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) किती काळ चाललंय ते कळायला मार्ग नाही. नवं असेल तर पहिल्याच दिवशी बायोस अपडेट करा. १२४००एफ आणि १३४००एफ या यादीत नाहीत.

सवलत कशावरून मोजायची

छापील किंमत विसरा. समजा, आय ५-१२४००एफ, एच६१० बोर्ड, १६ जीबी डीडीआर४ ची एक पट्टी, ५१२ जीबी एसएसडी आणि आरटीएक्स ४०६० असलेलं मशीन "₹१,१०,००० चं फक्त ₹७५,०००" मध्ये आहे. त्याच दिवशी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एक-दोन दुकानांना फोन करा, एखाद्या ऑनलाइन दुकानातही बघा आणि सुट्या भागांची बेरीज करा. भाव १८ टक्के जीएसटीसह विचारा, नाहीतर तुलना फसते. बेरीज ₹७०,००० आली, तर तुम्ही ३५ हजार वाचवत नाही आहात. जोडणी, विंडोज आणि एका छताखालची वॉरंटी यांसाठी ५ हजार जास्त देत आहात. ते वाईटच असं नाही, फक्त आकडा खरा कळतो.

या बेरजेत एक गोष्ट अलीकडे बदलली आहे. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव जोरात चढले आणि पाठोपाठ एसएसडीचेही. त्यामुळे जुन्या भावाच्या रॅमवर जोडून ठेवलेला तयार पीसी कधीकधी सुट्या भागांच्या बेरजेपेक्षा खरोखर स्वस्त पडतो. उलट "आत्ता ८ जीबीवाला घेऊ, रॅम काय, नंतर टाकू" हा जुना हिशेब आता महागात जातो. भाव तेजीत असताना ३२ जीबीचं मशीन थोडं महाग दिसलं तरी बारकाईने बघा.

बँक ऑफरमध्ये नो-कॉस्ट ईएमआय निवडलात तर व्याजाच्या रकमेवरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच खिशातून जाते. तेही बेरजेत धरा.

एसएमपीएस

वेळ कमी असेल तर एवढं एकच तपासा. झाकण काढून किंवा विक्रेत्याकडून फोटो मागवून एसएमपीएसचं लेबल वाचा. मोठ्या अक्षरातला "५०० वॉट" बाजूला ठेवा आणि +१२ व्होल्टचा रकाना बघा. तिथले अँपिअर गुणिले १२, एवढे वॉट प्रोसेसर आणि कार्डासाठी उपलब्ध असतात. ३० अँपिअर लिहिले असतील तर ३६० वॉट झाले, बाकीचे १४० कागदावरचे. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या एसएमपीएसमध्ये हे नेहमीचं आहे. ८० प्लसचा शिक्का म्हणजे दर्जाची हमी नव्हे, तो फक्त कार्यक्षमता सांगतो. पण शिक्काच नसेल तर आतल्या मालावर विश्वास ठेवायला काही आधार उरत नाही.

आता गरज किती? १२४००एफ पूर्ण जोरात ११७ वॉटपर्यंत जातो, आरटीएक्स ४०६० चे ११५, पंखे-बोर्ड-एसएसडीचे साधारण ५०. म्हणजे २८० च्या आसपास, आणि आजचं मशीन त्या ३६० वर निभावून जातं. पुढचं कार्ड ५०६० टीआय घेतलं तर ते १८० वॉटचं, ५०७० घेतलं तर २५० चं. शिवाय कार्ड मिलिसेकंदांपुरती याहून बरीच मोठी उसळी घेतात. एनव्हिडिया ५०६० टीआयसाठी ६०० आणि ५०७० साठी ६५० वॉटचा एसएमपीएस सुचवते, ते या उसळीसाठीच. एसएमपीएस अपुरा पडला की होतं असं: ब्राउझर, सिनेमा सगळं सुरळीत, गेम जड झाला की स्क्रीन काळी आणि मशीन रीस्टार्ट. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये "कर्नल-पॉवर ४१" एवढंच सापडतं. लोक ड्रायव्हर बदलत बसतात, विंडोज पुन्हा टाकतात, आणि दोष असतो एसएमपीएसचा.

मग वायरी मोजा. कार्डाला स्लॉटमधून ७५ वॉट मिळतात, ६ पिनांच्या कनेक्टरमधून ७५, ८ पिनांच्यातून १५०. तुमच्या एसएमपीएसला एकच ८ पिन असेल तर ५०६० टीआयपर्यंतची बहुतेक मॉडेलं चालतील, त्यापुढे नाही. मोलेक्सपासून (जुना ४ पिनांचा कनेक्टर) ८ पिन करणारे स्वस्त अडॅप्टर वापरू नका, त्या वायरी तापून वितळतात.

एसएमपीएस बदलता येतो का, हा त्याहून मोठा प्रश्न. गल्लीतल्या असेंबलरने जोडलेल्या पीसीत साधा एटीएक्स एसएमपीएस असतो: चार स्क्रू काढले की बाहेर. डेल, एलियनवेअर आणि एचपीच्या अनेक मॉडेलांत मात्र बोर्डाला नेहमीचा २४ पिनांचा कनेक्टर नसतो. कंपनीचा स्वतःचा कमी पिनांचा असतो आणि एसएमपीएसचा आकारही निराळा. मॉडेलचा पूर्ण क्रमांक घेऊन कंपनीच्या साइटवरचं सर्व्हिस मॅन्युअल उघडा. त्यात बोर्डाचा आणि एसएमपीएसचा फोटो असतो. २४ पिन दिसले नाहीत, तर हे मशीन विकत घेताना जसं आहे तसंच कायम राहणार असं समजून भाव करा. त्यातही तीच कंपनी तेच मॉडेल ३५० आणि ५०० वॉट अशा दोन प्रकारांत विकत असेल, तर ५०० वालाच घ्या. फरक चार-पाच हजारांचा असला तरी.

मॉड्युलर (सुट्या निघणाऱ्या वायरींचा) एसएमपीएस बदलताना जुन्या वायरी तशाच ठेवून फक्त डबा बदलायचा मोह होतो. तसं अजिबात करू नका. बोर्डाकडचं टोक सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाची पिनरचना कंपनीगणिक वेगळी असते. चुकीची वायर लावली तर पहिल्या झटक्यात तिला जोडलेली एसएसडी जळू शकते.

घरच्या यूपीएसचंही बघून ठेवा. आपल्याकडे सर्रास असणारा ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॉट देतो. मॉनिटर धरून गेमिंगचा भार त्यावर गेला की वीज जाताच यूपीएस बीप करून बंद पडतो, म्हणजे असून नसून सारखाच. ११०० व्हीए घ्यावा लागेल, तो खर्चही बेरजेत धरा.

मदरबोर्ड आणि सॉकेट

सॉकेट सांगतो पुढे किती जागा आहे, आणि बोर्डाचा चिपसेट (एच६१०, ए६२० ही त्याचीच नावं) सांगतो त्यातली किती वापरता येईल.

एएमडीच्या जुन्या एएम४ सॉकेटची वाट संपली आहे, पण ती लांब होती. रायझन ५ ५५०० किंवा ५६०० वरून ५७००एक्स किंवा ५८००एक्स वर जाता येतं. गेमिंगला सर्वांत चांगले ५७००एक्स३डी आणि ५८००एक्स३डी आता नवे मिळणं अवघड आहे, त्यांच्या भरवशावर मशीन घेऊ नका. इंटेलचा एलजीए १७०० सुद्धा १४ व्या पिढीपाशी थांबला. पुढचे कोअर अल्ट्रा २०० मालिकेचे प्रोसेसर वेगळ्या, एलजीए १८५१ सॉकेटवर आहेत. १२४००एफ वरून तुम्ही फार तर १२७००एफ किंवा १४ व्या पिढीतल्या आय ५ पर्यंत जाल, आणि स्वस्त एच६१० बोर्डावर त्याहून वर जाऊही नये, व्होल्टेज सांभाळणारा भाग तेवढा दमदार नसतो. एएम५ सप्टेंबर २०२२ मध्ये आला आणि एएमडीने २०२७ पर्यंत आणि पुढेही तो चालू ठेवायचं जाहीर केलं आहे. रायझन ५ ७५००एफ किंवा ७६०० असलेलं मशीन आज घेऊन काही वर्षांनी त्याच बोर्डावर ७८००एक्स३डी किंवा ९८००एक्स३डी बसवता येतो. पाच-सात हजार जास्त द्यायचे असतील तर ते इथे द्यावेत, आरजीबी पंख्यांवर नव्हे.

तरी सॉकेट बघून निश्चिंत होऊ नका. काही ए६२० बोर्ड ६५ वॉटच्या प्रोसेसरांपुरतेच आहेत, त्यामुळे बोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवर प्रोसेसर सपोर्टची यादी बघा. ब्रँडेड पीसीत तर ही यादी बहुधा त्या मॉडेलसोबत कारखान्यातून निघालेल्या प्रोसेसरांचीच असते. सॉकेट तोच असूनही नवा प्रोसेसर बसवल्यावर बोर्ड सुरूच होत नाही, कारण बायोसला तो ओळखताच येत नाही.

चिपसेटच्या बाबतीत दोन मर्यादा व्यवहारात भोवतात. ए५२० आणि बी४५० वर पीसीआयई ३.० आहे, तर आरटीएक्स ४०६०, ५०६० आणि आरएक्स ७६०० ही कार्डं आठच लेन वापरतात. ३.० च्या आठ लेनवर एरवी काही टक्क्यांचाच फरक पडतो. पण गेमने ८ जीबी मेमरी भरून टाकली की कार्डाला वारंवार साध्या रॅमकडे धावावं लागतं, आणि मग अटकणं स्पष्ट जाणवतं. दुसरी मर्यादा एच६१० ची: रॅमचे दोनच स्लॉट, रॅमचा वेग प्रोसेसरच्या अधिकृत मर्यादेपुढे नाही. अशा बोर्डासोबत ३६०० ची डीडीआर४ रॅम "जादा फीचर" म्हणून विकली जाते, ती चालते ३२०० वरच.

मशीन समोर असेल तर विंडोजच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये "बेसबोर्ड प्रॉडक्ट" या ओळीत बोर्डाचं नाव मिळतं. सीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर बोर्ड आणि बायोसची तारीखही दाखवतं.

बोर्डच बदलायचा विचार असेल तर आणखी एक खर्च धरा. मशीनसोबत आलेलं ओईएम विंडोज त्या बोर्डाशी बांधलेलं असतं, नव्या बोर्डावर ते जात नाही.

रॅम, एसएसडी, हवा

कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. "स्लॉट्स यूज्ड: १ ऑफ २" दिसलं तर मशीन सिंगल चॅनलवर, म्हणजे निम्म्या मेमरी बँडविड्थवर चाललं आहे. सरासरी फ्रेम कमी होतातच, पण जास्त त्रास मधूनच बसणाऱ्या झटक्यांचा. तशीच दुसरी पट्टी टाकणं हा या सगळ्या यादीतला सर्वांत कमी खर्चाचा आणि लगेच जाणवणारा बदल. डीडीआर४ मध्ये त्याच क्षमतेची, त्याच वेगाची पट्टी सहसा नांदते. एएम५ वर मात्र चार पट्ट्या भरायचा बेत करू नका, चार असताना अधिकृत वेग ३६०० वर येतो. दोनच ठेवा, मोठ्या ठेवा.

त्याच पानावर वेगही दिसतो. ६००० ची डीडीआर५ रॅम ४८०० दाखवत असेल तर बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम तिच्या छापील वेगावर चालवणारी सेटिंग) चालू केलेलं नाही. तयार पीसीत हे सर्रास राहून गेलेलं असतं.

एसएसडीसाठी बोर्डावरचे एम.२ चे स्लॉट (एसएसडीची पट्टी थेट बसते ती जागा) मोजा. एकच असेल तर पुढे १ टीबी टाकताना जुनी काढावी लागेल, आणि डेटा हलवायला यूएसबी एन्क्लोजर (एसएसडी बाहेरून जोडायचा डबा) लागेल.

कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला जाळी हवी. सपाट काच असेल तर हवा येणार कुठून? बरेच स्वस्त तयार पीसी मागच्या एका पंख्यावर चालतात. जानेवारीत ते खपून जातं. विदर्भातल्या मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असते आणि ती उष्णता जशीच्या तशी आतल्या तापमानात मिळते. पुढे दोन पंखे बसवायला जागा आहे का ते बघा. आय ७-१३७००एफ सारखा, नावाला ६५ वॉटचा पण जोरात २१९ वॉटपर्यंत जाणारा प्रोसेसर बॉक्समधल्या छोट्या कूलरवर दिला असेल, तर तो शंभर अंशांना टेकून आपला वेग स्वतःच कमी करेल. तुम्ही पैसे आय ७ चे द्याल, वापराल आय ५ इतकाच.

पुढच्या कार्डासाठी मागच्या पट्टीपासून पुढच्या पंख्यापर्यंतची लांबी मिलिमीटरमध्ये मोजा. तीन पंख्यांची कार्डं ३०० मिमीच्या पुढे जातात.

घरी आल्यावर

खोका फोडताना सलग व्हिडिओ काढा. परत करायची मुदत बहुतेक ठिकाणी आठवड्याभराचीच असते, आणि अनेकदा पैसे नव्हे तर बदलीच मिळते. चालू करण्याआधी काच काढून आत डोकवा, कारण प्रवासात कार्ड हलू नये म्हणून आत फोमची पिशवी भरलेली असू शकते. मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टला लावा, बोर्डाच्या नव्हे.

मग जीपीयू-झेडमध्ये कार्डाचं नाव आणि मेमरी जाहिरातीशी ताडून बघा, क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एसएसडी किती तास चालली ते बघा. नव्या मशीनमध्ये शेकडो तास दिसले तर माल नवा नाही. एचडब्ल्यूइन्फो (तापमान आणि वेग दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडं ठेवून सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी) दहा मिनिटं चालवा. १२४००एफ सगळ्या कोअरवर ४ गिगाहर्ट्झच्या आसपास टिकायला हवा. तो ३ च्या खाली घसरत असेल तर कूलर नीट बसलेला नाही किंवा बायोसमध्ये प्रोसेसरच्या विजेची मर्यादा कमी ठेवलेली आहे. शेवटी एखादा जड गेम अर्धा तास. रीस्टार्ट झालं तर वाट बघू नका, त्याच दिवशी तक्रार नोंदवा. बिलावर कार्ड, बोर्ड, एसएमपीएस यांचे सिरियल क्रमांक लिहून घ्या. असेंबल्ड पीसीत प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते आणि क्रमांकाशिवाय ती मिळवताना फार हेलपाटे पडतात.

अपग्रेडचा क्रम

वरच्या नमुन्याच्या मशीनपुरतं बोलायचं तर आधी रॅमची दुसरी पट्टी, मग गरजेनुसार एसएसडी. कार्डाला हात लावण्यापूर्वी गेम चालू असताना जीपीयूचा वापर बघा. तो ९५ टक्क्यांवर असेल तर कार्ड कमी पडतंय. ६०-७० वर घुटमळत असेल आणि फ्रेमही कमी असतील, तर प्रोसेसर किंवा रॅम अडवतेय, नवं कार्ड आणून उपयोग नाही. कार्ड बदलायचं ठरलं तर एसएमपीएससोबत एकदमच बदला. १२४००एफ ला ५०६० टीआय १६ जीबी किंवा आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी इथवर शोभतं. १०८०पी वर त्यापुढचं कार्ड घेतलं तर जादा पैसे प्रोसेसरपाशीच अडकतात. १४४०पी मॉनिटर असेल तर एक पायरी वर जायला हरकत नाही.

प्रोसेसर शेवटी. बायोस अपडेट जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करायचं, आणि त्याआधी मायक्रोसॉफ्ट खात्यातून बिटलॉकरची (विंडोजची ड्राइव्ह कुलूपबंद करणारी सोय) रिकव्हरी की लिहून घ्यायची. विंडोज ११ होममध्येही ड्राइव्ह तुमच्या नकळत एन्क्रिप्ट झालेली असू शकते. बायोस किंवा प्रोसेसर बदलल्यावर निळी स्क्रीन ती की मागते, आणि ती नसेल तर डेटा गेलाच.

काढलेलं जुनं कार्ड आणि एसएमपीएस वॉरंटी संपेपर्यंत विकू नका. बहुतेक कंपन्या दुरुस्तीला मशीन मूळ भागांसह मागतात.